सोमवार नायतर बुधवार

ताई, तुमच्या शोकसभेत मी सात-आठ मिनिटं बोललो. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. तुम्ही ओतूरच्या आपल्या कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, हे खरं. अकरावी-बारावीची पोरं बाकीचे तास बुडवायची पण तुमचा नाही, हे खरं. मला तुम्ही धाकट्या भावासारखं वागवलंत, हेही खरं. खऱ्या विधानांना 'आणि'नं जोडलं की सगळं मिळून खरंच राहतं, असं तुम्ही फळ्यावर लिहून द्यायच्या. पण मी भाषण संपवून खाली बसलो तेव्हा हिशेब पुरा झाला नव्हता. एक विधान मी गाळलं होतं, आणि त्याच्यावाचून बाकीची सगळी नुसती शोभेची होती. ते आता लिहितोय. तुम्हाला ऐकू जाणार नाही हे मला कळतं. जात होतं तेव्हा बोललो नाही.

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजात पहिले दोन कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग मी आलो. आळे गावचा, चोवीस वर्षांचा, पुण्याला शिकून आलेला, आणि डोक्यात ही एवढी हवा. स्टाफरूममध्ये तुम्ही खोबरेल तेलाच्या रिकाम्या डबीतून खडूचे तुकडे निवडत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "काय पावणं, तुमच्या मशीनला तर्कशास्त्र येतं का?" मी म्हटलं, येतं की, सगळी मशीन त्याच्यावरच चालते. "मग हे करून दाखवा," तुम्ही म्हणालात, "जर एसटी आली नाही, तर आपण वडापच्या जीपनं जातो. याचं प्रसामान्य रूप." मला शब्दच कळेना. मी हे सगळं इंग्रजीत शिकलो होतो, आणि परीक्षा झाल्या दिवशी विसरलोही होतो.

तुम्ही हसलात आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मला शिकवलंत. आधी 'जर-तर' काढून टाकायचं. 'जर एसटी आली नाही तर वडाप' म्हणजे 'एसटी येते किंवा वडाप मिळतं', दुसरं काही नाही. मग कंसाबाहेर बसलेला निषेध आत न्यायचा. आणि शेवटी सगळ्याच्या टोपल्या करायच्या. टोपलीच्या आत फक्त 'किंवा', दोन टोपल्यांच्या मध्ये फक्त 'आणि'. विधान कितीही गुंतलेलं असू दे, त्याच्या अशा टोपल्या होतातच. पुस्तकात ते रूप करायचं ते विधान कायम खरं आहे का हे बघण्यापुरतं. तुम्ही पुढं गेलात. म्हणालात, "खरी गंमत वेगळीच आहे. प्रत्येक टोपलीतून एक तरी खरं निघालं पाहिजे, आणि एकीत खरं धरलेलं दुसरीत खोटं धरायचं नाही. असं जमवता आलं तर त्याला समाधान आहे. काही केल्या जमत नसेल, तर नाही." मी म्हटलं, हेच तर मशीनचं काम. आपली दोस्ती जमली ती तिथं.

भांडणंही तिथूनच सुरू झाली. तर्कशास्त्रातल्या 'किंवा'मध्ये दोन्ही खरं चालतं, हे मला मान्य होतं, पण आपल्या बोलण्यातल्या 'किंवा'मध्ये चालतं हे मी मानत नव्हतो. मी म्हणायचो, चहा किंवा कॉफी विचारलं तर कोणी दोन्ही मागत नाही. तुम्ही म्हणायच्या, "तुमच्या आळ्यात नसतील देत. आमच्या डिंगोऱ्याला ये, दोन्ही पाजते." वर्षानुवर्षं हा वाद चालला. शेवट कधी झालाच नाही.

कॉलेजचं वेळापत्रक कितीतरी वर्षं तुम्ही एका जुन्या कॅरम बोर्डवर करत होतात. प्रत्येक तासाची पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि ती आठ-पंधरा दिवस इकडून तिकडं सरकत राहायची. अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये तुम्ही बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलात. "मोहन, औंदा तुझ्या डब्याला करू दे." मागण्या गोळा केल्या तुम्ही. भूगोलाच्या सरांना शनिवारी सकाळचा पहिला तास नको, कारण गाईची धार काढून ते दोन मैल चालत यायचे. गणिताच्या सरांना खेळाच्या तासानंतर वर्ग नको, पोरं घामेजलेली येतात आणि झोपतात. इंग्रजी आणि इतिहास एकाच वेळी नको, कारण खोली एकच. प्रत्येक मागणीचं तुम्ही स्वतः चिन्हांत रूपांतर केलंत, सुवाच्य अक्षरात, कंस मोजून. मी फक्त टोपल्या करायच्या आणि मशीनला द्यायच्या.

सगळ्यांच्या मागण्या तुम्ही लिहून दिल्यात. स्वतःची तेवढी लिहिली नाहीत. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की तुमचं असंच व्हायचं. दुसऱ्या दिवशी ओतूरच्या स्टँडवर, पिशवी खांद्याला, एक पाय एसटीच्या पायरीवर, तुम्ही वळून म्हणालात, "अरे मोहन, माझं ऱ्हायलंच की! मला सोमवार नायतर बुधवार कॉलेज नको, बरं का. आक्काकडं जायचं असतंय." कंडक्टरनं डबल बेल दिली. मी हात हलवला आणि वहीत लिहून घेतलं.

वर्गात तुमची भाषा पुस्तकी असायची आणि स्टँडवर डिंगोऱ्याची. मला ती येत नव्हती असं नाही, माझी आईही असंच बोलते. पण मी त्या दिवशी आईचा मुलगा नव्हतो, कॉम्प्युटरचा मास्तर होतो. मी तुमचं वाक्य घेतलं आणि त्याच्यावर तुमचाच नियम चालवला. 'सोमवार किंवा बुधवार' हा कंस, आणि बाहेर 'नको' हा निषेध. निषेध आत नेला की 'किंवा'चं 'आणि' होतं, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणजे सोमवारही नको आणि बुधवारही नको. एकाच्या दोन टोपल्या झाल्या. दोन्हीत एकेकच वस्तू, म्हणजे पर्यायच नाही. मला ते फार सुबक वाटलं. तुम्हाला पाहिजे होता दोनपैकी एकच दिवस, कुठलाही. 'नायतर' म्हणजे तेच. एसटीच्या पायरीवर कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. "दोन्ही की एक?" एवढे तीन शब्द होते.

मशीननं अर्धा तास घेतला आणि पडद्यावर आलं, समाधान नाही. प्राचार्य होते, पाच-सहा प्राध्यापक खुर्च्या ओढून बसले होते, कारण कॉम्प्युटर काय करतो हे बघायची सगळ्यांना हौस. मी मोठ्या रुबाबात एकेक मागणी काढून बघायला लागलो. भूगोलाची गाय काढली, तरी समाधान नाही. गणिताचा घाम काढला, तरी नाही. तुमची मागणी काढली, आणि पडद्यावर आठवडाभराचं वेळापत्रक झरझर उतरलं. "अहो ताई, म्हणजे तुमच्यापायी अडलं होतं की सगळं!" प्राचार्य म्हणाले. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग थोड्या वेळानं, बाकीचे उठायला लागल्यावर, हळूच म्हणालात, "मोहन, परत एकदा बघतोस का?"

ताई, चूक मला तेव्हा माहीत नव्हती, हे खरं आहे. त्याचा आधार मी पुष्कळ दिवस घेतला. पण तुमच्या त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते मला आठवतं, आणि तिथं मला कुठलाच आधार नाही. मी म्हणालो, "ताई, मशीन चुकत नसते. माणसाची मागणी चुकते." मोठ्यानं म्हणालो. दारापर्यंत गेलेले लोक वळून पुन्हा हसले आणि मला बरं वाटलं. वहीचं पान उलटायला दोन मिनिटं लागली असती. तुम्ही "बरं" म्हणालात आणि खडूची डबी घेऊन तासाला गेलात. कॅरम बोर्ड तुम्ही पुन्हा काढला नाहीत. माझा मान राहावा म्हणून काढला नसेल, असं मला आता वाटतं.

तुमची थोरली बहीण आक्का घोडेगावला, अर्ध्या अंगावरून वारं गेलेली, हे मला माहीत होतं. पण सोमवार-बुधवारचं गणित मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं. ते पुढं तुमच्याच तोंडून कळलं. आक्कांची सून सुनंदा मंचरला शिवणकाम शिकायला जायची, आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि बुधवारी. त्या दोन दिवसांपैकी एक दिवस शेजारच्या काकू बसायला तयार होत्या, कुठलाही. दुसरा तुम्ही घेणार होतात. सुनंदाला तसा शब्दही देऊन बसला होतात. वेळापत्रक लागल्यावर तुम्ही तिला निरोप पाठवलात की जमत नाही. काकूंनी बुधवार घेतला. सोमवारी आक्का सकाळपासून दुपारपर्यंत एकट्या. सुनंदा शिकणं सोडणार होती, आक्कांनीच सोडू दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस राहिले होते तेव्हा एका सोमवारी त्या पाणी घ्यायला उठल्या आणि उंबऱ्यात पडल्या. सुनंदा आली तेव्हा दोन-तीन तास झाले होते. त्यातून आक्का उठल्या नाहीत.

तेरावं करून तुम्ही कॉलेजात आलात. तुम्हीच माझा हात धरलात. "एक बरं झालं मोहन, तुझ्या मशीननं आधीच सांगितलं होतं. जमण्यासारखं नव्हतंच. नाहीतर मी आयुष्यभर म्हणत बसले असते, की थोडं भांडले असते तर सोमवार मिळाला असता." मी मान डोलावली. तुमचं दुःख मशीननं हलकं केलं याचा मला, खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला होता.

त्यानंतर दरवर्षी बारावीच्या वर्गात तुम्ही ते उदाहरण द्यायला लागलात. एकदा मी दाराशी उभं राहून ऐकलं. "आपल्याच कॉलेजातली गोष्ट आहे. एका बाईनं एक मागणी केली. मागणी साधी होती, वाईट नव्हती. पण बाकीच्यांच्या मागण्यांबरोबर ती एकत्र नांदू शकत नव्हती. अशी मागणी करणारा माणूस खोटा नसतो, मुलांनो, पण त्यानं हट्टही धरायचा नसतो." पोरं वहीत लिहून घेत होती.

तुम्ही निवृत्त झालात त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले. जुनं सगळं नव्यावर घ्यायचं म्हणून मी फ्लॉप्या काढल्या, ती वही काढली, आणि नवा प्रोग्राम नीट चालतो का हे बघायला अठ्ठ्याण्णवच्या मागण्या एकेक करून घालायला बसलो. वहीत तुमच्या नावापुढं माझ्या अक्षरात होतं, 'सोम नायतर बुध नको'. मी ते सहज तोंडानं म्हटलं. म्हटलं तसं ते तुमच्या आवाजात ऐकू आलं, पायरीवरून वळून बोलल्यासारखं. मी दोन टोपल्या पुसल्या आणि एक केली. 'सोमवारी नको किंवा बुधवारी नको'. एंटर दाबला. पापणी लवायच्या आत वेळापत्रक आलं. भूगोलाच्या सरांची गाय जागेवर, गणिताच्या सरांची झोपाळू पोरं जागेवर, सगळ्यांचं सगळं जागेवर. तुमचा सोमवार मोकळा. सोमवारचा एक तासच काय तो सरकला होता. पहिल्या तासाची अकरावी तुमच्याऐवजी माझ्याकडं आली होती. मला आळ्याहून एक गाडी आधी पकडावी लागली असती, बस.

मी दुसऱ्याच दिवशी डिंगोऱ्याला आलो, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसला होतात. मी वाक्य तोंडात धरून आलो होतो. पण तुम्ही सुनंदाचा विषय काढलात. ती बोलत नाही, आलेला निरोप घेत नाही. "तिला वाटतं मी सबब सांगितली. मशीन म्हणे नाही म्हणालं! कुणाला खरं वाटेल? पण मला ठाऊक आहे ना, जमत नव्हतं. तेवढ्यावर मी जगतेय बघ." असं म्हणून तुम्ही मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवलेत. मी ते खाल्ले आणि परत आलो.

परतताना मी मनाशी ठरवून टाकलं की न सांगणं हीच माया. ज्या एका गोष्टीवर ही बाई तग धरून आहे, ती मी कशाला काढून घेऊ? फार सोयीचा विचार होता. तुमचे नियम लावून तपासला असता तर पहिल्याच पायरीला फुटला असता. मला तुमची काळजी नव्हती. मला भीती होती ती तुमच्या चेहऱ्याची. तुम्ही काही बोलला नसतात, फक्त "बरं" म्हणाला असतात, जसं त्या दिवशी म्हणालात. ते मला ऐकवलं नसतं.

मग पाच वर्षं मी येत राहिलो. दसऱ्याला, संक्रांतीला, आळ्याहून द्राक्षं आली की. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही आलो. तुम्ही बराच वेळ माझ्याकडं बघत होतात. म्हणालात, "काही सांगायचंय का रे?" मी म्हणालो, "नाही." तुमच्याशी इतकी वर्षं बोललो, त्यात उघड खोटं तेवढं एकच. एका शब्दाचं. तुम्ही डोळे मिटलेत, आणि मी खिडकी लावून निघालो.

तुमच्या दहाव्याला सुनंदा आली होती. तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. बायकांत न मिसळता कडेला उभी होती. तुमच्या भावजयीनं तिला काहीतरी विचारलं, त्यावर ती म्हणाली ते मला ऐकू आलं. "आता मेल्या मान्साचं काय बोलायचं. पण मावशींना कॉलेज लई मोठं व्हतं. मशीनचं निमित्त सांगत व्हत्या." माझ्या मागं उभ्या असलेल्या कोणीतरी "हूं" केलं. मी तिथं काही बोललो नाही. शोकसभेतही बोललो नाही, ते वर लिहिलंच आहे.

परवा मात्र गेलो. दोन एसट्या बदलून घोडेगावला गेलो. सुनंदाकडं आता स्वतःची दोन शिलाई मशिनी आहेत, समोर ब्लाउजांचा ढीग. मी कोण ते सांगितलं तशी तिनं पाय थांबवला. वही बरोबर नेली होती. टोपल्या-बिपल्या काही समजावत बसलो नाही. म्हटलं, त्यांनी दोनपैकी एक दिवस मागितला होता, मी दोन्ही लिहिले. म्हणून जमलं नाही. एक लिहिला असता तर सोमवार मिळत होता. चूक माझी होती, त्यांची नव्हती. आणि शब्द न पाळण्यासाठी त्यांनी निमित्त केलं नव्हतं.

ती वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसली. "सोमवार नायतर बुधवार. यात काय कळंना तुमाला?"

"माझंच चुकलं."

"म्हंजी मावशी खरं बोलत व्हत्या." मग ती म्हणाली, "आत्याबायचं, आमच्या सासूचं, वर्षश्राद्ध व्हतं ना, तवा त्या आल्या व्हत्या हितं. मी दार नाय उघडलं. आतल्या आत बसून ऱ्हायले. तासभर वसरीवर बसल्या आन् गेल्या. पाणी नाय विचारलं मी त्यांना." तिनं ब्लाउजाचा एक तुकडा उचलला, घडी केली, पुन्हा उलगडला. "तुमाला कवा कळलं ह्ये, सर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "पाच वर्षं झाली," मी म्हणालो.

"पाच वर्षं." ती माझ्याकडं बघत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "आवो सर, या पाच वर्षांत कवाबी, एक डाव येऊन सांगितलं असतं, तर मी गेले नसते का डिंगोऱ्याला?"

मी वही मिटली. मला आजवर वाटत आलं होतं की माझ्या गप्प बसण्याची झळ फक्त मलाच लागली.

ताई, ती आली असती.